पाठ टेकल्यानंतर

कोपराचा तो आवाज फार मोठा नव्हता. सुकी काडी मोडावी, तेवढाच. आजूबाजूला दीड-दोनशे लोक ओरडत होते, तरी मला तो स्पष्ट ऐकू आला.

गेल्या वर्षी जूनमध्ये नागपुरात माझी पहिली एमएमए लढत झाली. एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. ठोसे, लाथा, कुस्ती, जुदो, जुजुत्सू, सगळं एकाच लढतीत चालतं. चारी बाजूंनी जाळी, आत दोघं आणि एक पंच. आमची स्पर्धा हौशी खेळाडूंची होती, म्हणून तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या. दुसरी फेरी सुरू होऊन मिनिटभर झालं असेल. मी पाठीवर पडलेलो आणि समोरच्याने माझा उजवा हात स्वतःच्या दोन मांड्यांमध्ये धरून सरळ ताणलेला. याला आर्मबार म्हणतात. आमचे कोच जाळीबाहेरून गळा फाडून सांगत होते, "टॅप कर! टॅप कर!"

टॅप म्हणजे समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीनदा थोपटायचं. 'मानली हार, सोड आता' एवढाच त्याचा अर्थ. माझा डावा हात मोकळा होता. थोपटायला अर्धा सेकंद लागला असता. मी थोपटलं नाही. मग तो आवाज आला आणि पंचांनी लढत थांबवली.

नंतर हॉस्टेलवर सगळ्यांनी पाठ थोपटली. "मानलं भाऊ, शेवटपर्यंत हार नाही मानली!" मलाही तेव्हा ते शौर्यच वाटलं. कोपराचा लिगामेंट दुखावलेला, हात गळ्यात, डॉक्टरांनी सांगितलेले सहा आठवडे, आणि तरी मी मनातल्या मनात हिरो. हा लेख त्या हिरोबद्दल आहे, आणि तो कसा उतरला त्याबद्दल.

मी बालाघाटचा, म्हणजे मध्य प्रदेशातला. नागपुरात हे सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं?" आणि दहा मिनिटांनी विचारतात, "तुझं मराठी असं कसं?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ एका बाजूला गेला, आमचा जिल्हा दुसऱ्या बाजूला राहिला. शाळा हिंदीतून झाली. पण घरातली बोली, सोयरिकी आणि धानाची शेती गोंदिया-भंडाऱ्याकडचीच राहिली. आमचं गाव वैनगंगेपासून फार लांब नाही. पावसाळ्यात नदी फुगली की घरातली मोठी माणसं आधी पुलाची चौकशी करतात आणि मग चहा पितात.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक नाहीतर दंडार, आणि काही गावांत मंडईच्या दिवशी दंगल, म्हणजे कुस्त्या. माझे आबाजी तरुणपणी या दंगलींत लढायचे. फार मोठे पैलवान नव्हते. पंचक्रोशीतले लोक नावानं ओळखायचे, एवढंच. त्यांच्या खांद्यावर बसून मी पहिली कुस्ती पाहिली आणि एक गोष्ट कायमची डोक्यात बसली: पाठ टेकली की संपलं. दोन्ही खांदे मातीला लागले की माणूस चितपट. मग ढोल वाजतो, जिंकणारा फेरी मारतो, हरणारा अंगावरची माती झटकत गर्दीत नाहीसा होतो.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका मित्रासोबत एमएमएच्या क्लासला गेलो. अंगात थोडी कुस्ती होती, त्यामुळे पहिल्याच महिन्यात बऱ्याच जणांना खाली पाडलं. कोच म्हणाले, "पट चांगला आहे तुझा." झालं! त्या एका वाक्यावर मी सहा महिने काढले. जोर, बैठका, पळणं, दोरीवरच्या उड्या. ताकद वाढत होती. लढतीत करायचं काय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. घुसायचं, पाडायचं, जिंकायचं. एवढ्याला कोणी योजना म्हणत असेल, तर ती माझ्याकडे होती.

जुलैमध्ये हात गळ्यात घालून मी गावी गेलो. तेव्हा रोवणी सुरू झाली होती.

ज्यांनी धानाची रोवणी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आधी एका कोपऱ्यात दाट धान पेरून रोपं तयार करतात. त्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो. पाऊस लागला, बांधीत चिखल झाला की ते पऱ्हे उपटायचे, त्यांच्या जुड्या बांधायच्या, त्या डोक्यावरून बांधीपर्यंत न्यायच्या, आणि मग कमरेत वाकून एकेक चूड चिखलात रोवायची. दिवसभर, पावसात. दरवर्षी जुड्या वाहून न्यायचं काम माझं. त्या वर्षी मी धुऱ्यावर छत्री घेऊन बसलो होतो आणि माझ्या जुड्या आई वाहत होती.

ती काही बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी हिशोब करताना बाबा म्हणाले, "दोन रोजदार जास्तीचे लावा लागले या वर्षी." माझ्याकडे न पाहता म्हणाले. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या शौर्याचे पैसे दुसऱ्याच कोणीतरी भरले.

दुसऱ्या दिवशी आबाजी धुऱ्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "दाखव तुई कुस्ती."

मित्राने मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ होता. आबाजींनी चष्मा पुसला आणि पाहिला. मग म्हणाले, "आवाज बंद कर. आता लाव." तो दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी मध्येच बोट ठेवलं.

"हे पोट्टं सुरुवातीले मांग मांग कायले सरकते?"

"भेलं असन," मी म्हणालो.

"भेलं नाई बाबू. तुले पळवून राह्यलं."

मी पुन्हा पाहिलं. खरंच. तो मागे सरकायचा, मी धावून जायचो, तो बाजूला व्हायचा. प्रत्येक वेळी मी हवेत एक पट मारायचो. पहिल्या पावणेदोन मिनिटांत असं सात वेळा झालं होतं. लढताना मला वाटत होतं की मी त्याला जाळीपर्यंत रेटतोय.

"तुले दम कवा लागला?"

मी दाखवलं. पहिली फेरी अजून संपलीसुद्धा नव्हती.

"मंग त्याच्यापुढं तू कोनाच्या भरोशावर लडला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्यांदा पाहताना ते दुसऱ्या फेरीत थांबले. "इथं तुई पाठ टेकली. थांबवत काऊन नाई?"

मी समजावून सांगितलं. आबाजी, या खेळात पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही. खालून पण लढता येतं. खालून समोरच्याचा हात धरता येतो, गळा आवळता येतो. पंच थांबवेपर्यंत नाहीतर कोणी थोपटेपर्यंत चालूच राहतं.

आबाजी बराच वेळ समोरच्या बांधीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पाठ टेकल्यावरबी कुस्ती चालूच राह्यते."

"हो."

"आन् तुले पाठीवरून लडाले येते?"

"नाही."

"मंग तू अर्ध्या कुस्तीचीच तयारी करून गेल्ता."

माझ्या कोचनी हेच मला वर्षभर वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. 'ग्राउंडवर लक्ष दे,' 'गार्ड शिक,' 'फक्त पटावर जाऊ नकोस.' पण मी ऐकलं नव्हतं. पाठीवर पडून लढण्याचा सराव करायचा म्हणजे आधी मान्य करायचं की मी पाठीवर पडू शकतो. आणि ते मान्य करणं मला अपमान वाटत होतं. टॅप न करण्यामागेही हेच होतं. पाठ टेकली त्या क्षणीच मी मनातून हरलो होतो. त्यानंतर हात वाचवायचा आहे, हे मला सुचलंच नाही.

त्या दिवशी आबाजींनी त्यांची एक जुनी कुस्ती सांगितली. एका मंडईत त्यांची जोड गोंदियाकडच्या एका पैलवानाशी लागली. तो यांच्यापेक्षा चांगला भारी. आबाजींनी हात मिळवताच ओळखलं की याला आपण पाडू शकत नाही. मग त्यांनी ठरवलं की पडायचं नाही. बस्स. तो ओढायचा, हे बुड जड करून बसायचे. तो कब्जा घ्यायचा, हे सुटून पुन्हा उभे. लोक ओरडत होते, 'लड ना बे, भेत कायले!' हे ऐकत नव्हते. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि बक्षीस अर्धं-अर्धं झालं.

"लोक भित्रा म्हणाले असतील," मी म्हणालो.

"म्हणले ना. वर्षभर म्हणले. पन त्या पैशात घरी कंदील आला. तो सगळ्यायले दिसला."

मग ते पऱ्ह्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुहा बाप पऱ्हे दोन डाव कायले टाकते?" मला माहीत होतं. बाबा सगळे पऱ्हे एकाच दिवशी पेरत नाहीत. अर्धे आधी, अर्धे दहा-बारा दिवसांनी. पाऊस वेळेवर आला तर पहिले कामी येतात. लांबला तर पहिले पिकून जातात, पण दुसरे हातात असतात. पाऊस कधी येईल हे आपल्या हातात नाही, हे एकदा मान्य केलेल्या माणसाचं हे काम आहे.

आपल्या मराठीत 'डावपेच' या शब्दाला जरा वास येतो, नाही का? 'तो फार डावपेच करतो' म्हणजे तो कपटी आहे. सरळ माणूस डावपेच करत नाही, तो छातीवर वार घेतो, असं आपण समजतो. पण हा शब्द आखाड्यातला आहे, आणि आखाड्यात त्यात कपट नाही. डाव म्हणजे आपण काय करणार. पेच म्हणजे अडकलो, किंवा दुसऱ्याला अडकवलं, तर पुढे काय. आबाजींच्या भाषेत सांगायचं तर, "डाव समद्यायलेच येते. पेच सोडवाले अक्कल लागते." मला वाटतं, अकलेच्याही आधी थोडा प्रामाणिकपणा लागतो. आपल्याला काय येत नाही, हे स्वतःला खरं सांगायला लागतं.

ऑगस्टमध्ये कॉलेजला परतलो. हात गळ्यातून निघाला होता, पण सराव बंद होता. म्हणून मी वाचायला आणि जुन्या लढती पाहायला लागलो. आधी फक्त शेवटचा ठोसा पाहायचो. आता आबाजींसारखं आवाज बंद करून पाहू लागलो.

सुरुवात घरापासून केली. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक आपल्याला शाळेपासून माहीत असतं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्याआधी १९४८ ला ते लंडन ऑलिंपिकलाही गेले होते आणि सहावे आले होते, हे आपण सहसा बोलत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. लंडनला मॅट होती आणि आंतरराष्ट्रीय नियम होते. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. मातीत वेळ असतो, मॅटवर घड्याळ आणि गुण असतात. कुस्ती तीच, पण खेळ बदललेला. पुढची चार वर्षं त्यांनी त्या बदललेल्या खेळाची तयारी केली, वरच्या वजनगटात उतरले आणि पदक आणलं. मला त्या पदकाइतकाच तो सहावा नंबर महत्त्वाचा वाटतो. तिथून परत येताना त्यांनी स्वतःला काहीतरी खरं सांगितलं असणार.

मग एमएमएकडे वळलो. यूएफसी ही या खेळातली सगळ्यांत मोठी स्पर्धा १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला सुरू झाली. कोणती युद्धकला श्रेष्ठ, हे एकदाचं ठरवू, अशी कल्पना होती. तेव्हा वजनगटही नव्हते. ती पहिली स्पर्धा जिंकली ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने. बाकीच्यांच्या मानाने हा किरकोळ अंगाचा. पण मला पाहायची होती त्याची पुढच्या वर्षीची, डिसेंबर १९९४ ची लढत. समोर डॅन सेव्हर्न, नावाजलेला कुस्तीगीर, वजन ११० किलोंच्याही वर. त्याने ग्रेसीला पाडलं आणि वर बसला. ग्रेसी जवळपास पंधरा मिनिटं पाठीवर होता. आपल्या मंडईत ही कुस्ती पहिल्याच मिनिटात संपली असती आणि ढोल वाजला असता. इथे ग्रेसी खालून पाय त्याच्या कमरेला घालून, त्याचे हात अडवून, वाट पाहत राहिला. शेवटी पायांचा त्रिकोण करून त्याने सेव्हर्नची मान आणि एक हात आत पकडला. वर बसलेल्या, एवढ्या मोठ्या माणसाला थोपटावं लागलं.

मी आबाजींना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "पंधरा मिनिटं दबून राह्यला?"

"हो."

"आन् घाई नाई केली?"

"नाही."

"मंग तो जिंकनारच व्हता."

दुसरी लढत नोव्हेंबर २०१५ ची, मेलबर्नची. छप्पन्न हजारांहून जास्त प्रेक्षक. राँडा राउझी तोपर्यंत एकही लढत हरली नव्हती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जुदोचं कांस्य मिळवलेली, आणि बहुतेक जणींना तिने याच आर्मबारने हरवलेलं. एक लढत तर चौदा सेकंदांत. समोर हॉली होम, आधीची बॉक्सिंगची जगज्जेती. सगळ्यांना वाटलं, हीही जाणार. होमने एवढंच ठरवलं होतं की राउझीच्या हाताला लागायचं नाही. राउझी धावत यायची, होम बाजूला व्हायची आणि सरकता सरकता ठोसा ठेवून जायची. राउझीने अंगाला धरलं, तर सोडवून घ्यायची आणि पुन्हा लांब. दुसऱ्या फेरीत डाव्या पायाची एक लाथ मानेवर बसली आणि लढत संपली. सगळे ती लाथ पुन्हापुन्हा लावतात. मी पहिली फेरी पाच वेळा पाहिली. धावून जाणाऱ्या राउझीत मला मीच दिसत होतो.

आपल्याकडची उदाहरणंही पाहिली. भारतात जन्मलेला आणि यूएफसीत उतरलेला पहिला खेळाडू भरत खंडारे. २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगविरुद्ध तो पहिल्याच फेरीत गिलोटिनने हरला. गिलोटिन म्हणजे समोरच्याचं डोकं काखेत घेऊन गळा आवळायचा. कुस्तीतून येणाऱ्या प्रत्येकाला या पकडीची भीती हवी, कारण आपण पटाला घुसतो तेव्हा डोकं खाली आणि मान पुढे असते. मातीत ती मान कोणी आवळत नाही, म्हणून आपल्याला ती सवय धोक्याची वाटतच नाही. आणि उत्तराखंडचा अंशुल जुबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अबू धाबीला माइक ब्रीडनविरुद्ध पहिल्या दोन फेऱ्यांत त्याचं पारडं जड दिसत होतं. तिसऱ्या फेरीत एक ठोसा बसला आणि सगळं गेलं. योजना शेवटच्या सेकंदापर्यंत टिकली तरच तिला योजना म्हणायचं, हे त्या लढतीने शिकवलं. म्हणजे मला वाटलं की शिकवलं.

सप्टेंबरमध्ये कोचनी मला वही करायला सांगितली. एका पानावर काय येतं, दुसऱ्यावर काय येत नाही. पहिलं पान पाच मिनिटांत भरलं. दुसऱ्याला तीन दिवस लागले. 'दम चार मिनिटांचा आहे, लढत नऊ मिनिटांची.' 'थकलो की उजवा हात खाली येतो.' 'पाठीवर पडल्यावर हात सरळ करून समोरच्याला ढकलतो, म्हणजे आर्मबारसाठी हात स्वतःहून देतो.' 'लोक ओरडले की मी घुसतो.' हे शेवटचं लिहिताना लाज वाटली.

त्या दुसऱ्या पानावरून आम्ही पुढचा सराव ठरवला. रोज अर्धा तास फक्त पाठीवर. वर नेहमी माझ्यापेक्षा जड मुलगा. कोपर अंगाला चिकटवून ठेवायचे, कंबर वळवायची, पाय आत घालायचे, जाळीपर्यंत सरकत जायचं आणि जाळीला पाठ लावून उठायचं. पहिला महिना फार वाईट गेला. ज्याला पाठ टेकायची लाज वाटते, त्याला रोज तीस मिनिटं पाठ टेकायला लावणं! पण नोव्हेंबरपर्यंत लाज गेली. डिसेंबरमध्ये तर खाली पडल्यावर मला थोडं निवांत वाटायला लागलं. इथलं थोडंफार येतं आता, असं.

वहीच्या शेवटी कोचनी एक ओळ माझ्याच अक्षरात लिहून घेतली: 'हात ताणला किंवा मान अडकली, तर थोपटायचं. लाज नंतर.'

दुसरी लढत मार्चमध्ये झाली. योजना अशी होती: पहिल्या फेरीत पट नाही. लांबून जॅब, खालून मांडीवर लाथ, उजवीकडे फिरत राहायचं. पाडायचं असेल तर जाळीजवळच, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा राहत नाही. दुसऱ्या फेरीत दम राखायचा. तिसऱ्यात जे उरलं असेल ते.

घंटा वाजली आणि समोरचा मुलगा डावखुरा निघाला! आम्हाला हे माहीत नव्हतं. उजवीकडे फिरायचं ठरलेलं, आणि तिकडेच त्याचा जोरकस हात. पहिल्या अर्ध्या मिनिटात दोन ठोसे खाल्ले. जूनमधला मी असतो तर चिडून घुसलो असतो. या वेळी पऱ्हे आठवले. खोटं वाटेल, पण खरंच आठवले. पहिले गेले, दुसरे आहेत. कोच ओरडायच्या आत मी डावीकडे फिरायला लागलो. फेरी माझी झाली.

दुसऱ्या फेरीत त्याने मला पाडलं. पाठ टेकली. कानात ढोल वाजला नाही. कोपर आत, पाय कमरेला, एक मोठा श्वास. त्याने हात ओढून पाहिला, मिळाला नाही. दीड मिनिट मी खाली होतो आणि शेवटी सरकत सरकत जाळीला लागून उठलो. फेरी त्याची. पण माझा दम शिल्लक होता, आणि तो आता तोंडाने श्वास घेत होता.

तिसरी फेरी माझ्या बाजूने चालली होती. शेवटचं अर्ध मिनिट. काहीच करायची गरज नव्हती. फिरत राहिलो असतो तरी बहुतेक जिंकलो असतो. पण मागून कोणीतरी ओरडलं, "पट काढ!" त्याचे पाय फाकलेले दिसले. आणि मी घुसलो, डोकं खाली, मान पुढे, अगदी आबाजींच्या मंडईतल्यासारखा. मान त्याच्या काखेत गेली. गिलोटिन.

मी सोडवायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. डोळ्यांसमोर कडेने अंधार यायला लागला. मग मी त्याच्या पाठीवर थोपटलं. तीन वेळा. त्याने लगेच सोडलं आणि मला हात देऊन उठवलं. घड्याळात बावीस सेकंद शिल्लक होते.

रात्री घरी फोन केला. आबाजींनी विचारलं, "हात?"

"शाबूत."

"मान?"

"थोडी दुखते."

"मंग चांगलं झालं." जरा थांबून म्हणाले, "आता सांग, बावीस सेकंदं राह्यले व्हते त कायले घुसला?"

"लोक ओरडले."

ते हसले. मीही हसलो. वहीच्या दुसऱ्या पानावर ती ओळ सप्टेंबरपासून लिहिलेली होती. लिहिलेलं कळायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. मंडईत लोक ओरडत असताना बुड जड करून बसून राहायला आबाजींना किती कष्ट पडले असतील, ते मला त्या रात्री समजलं. आणि आता त्या पानावर आणखी एक ओळ आहे: 'मागे असताना योजना आठवते, पुढे असताना विसरते.'

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण कधी केजमध्ये उतरणार नाहीत, आणि उतरा असं मी सांगणारही नाही. पण परीक्षा, मुलाखती, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म, घरच्यांशी बोलायची ती एक अवघड गोष्ट, हे सगळं आपण बहुतेक वेळा माझ्या पहिल्या लढतीसारखंच करतो. घुसायचं आणि जोर लावायचा. हरलो तर म्हणायचं, शेवटपर्यंत लढलो. मीही ते म्हटलं होतं. त्याचा हिशोब बाबांच्या वहीत दोन रोजदारांच्या नावावर लिहिलेला आहे.

या जुलैमध्ये मी रोवणीला गेलो. पाऊस सुरुवातीला लांबला, पहिल्या डावाचे पऱ्हे जरा पिवळे पडले, पण दुसरे चांगले निघाले. जुड्या मी वाहिल्या, दोन्ही हातांनी. उजवा कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, थंडीत आणि पावसात दुखतो. आई एकदा जवळून जाताना तो कोपर दाबून गेली, काही न बोलता.

दुपारी जेवायला धुऱ्यावर बसलो. आबाजी चष्मा पुसत जवळ सरकले.

"मोबाईल हाय का?"

"आहे. माझी लढत लावू?"

"तुई नको. तुई पाह्यली." त्यांनी मोबाईल हातात घेतला. "ते पंधरा मिनिटवाल्याचं लाव. आन् आवाज बंद कर."